अळवातलं अर्थिंग

सासूबाईंनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी शाळेत जायच्या घाईत होते. डबा भरून पिशवीत ठेवत होते. त्या न्हाणीतून बाहेर आल्या, पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "बाय, तो नळ माका चावता."

मला हसू आलं. "नळ कसा चावेल, आई?"

"चावता. हाताक झिणझिण येता."

त्यांना साखरेचा आजार बरीच वर्षं आहे. पायांना मुंग्या येतात, रात्री तळवे जळतात. जवळच्या साखळी गावातल्या डॉक्टरांनी मागेच सांगून ठेवलं होतं की पुढे हातांनाही असं होऊ शकेल. मी त्यांना तेच समजावलं, गोळी घेतली का विचारलं आणि बस गाठायला निघाले. त्या उंबऱ्यात उभ्या होत्या. वाद घालायची त्यांची पद्धत नाही. एकदा सांगतात, समोरच्याला पटलं नाही तर गप्प राहतात आणि थोड्या दिवसांनी तेच पुन्हा, त्याच आवाजात सांगतात.

आमचं घर सर्वण गावात. चिऱ्यांचं जुनं घर, मागे नंतर बांधलेला स्लॅबचा भाग, त्यात स्वयंपाकघर आणि न्हाणी. घरात आम्ही तिघं: सासूबाई, माझा नवरा आणि मी. मुलगी शिकायला बाहेर असते. मी साखळीला प्राथमिक शाळेत शिकवते. नवरा शाळेची मिनीबस चालवतो. त्याआधी तो खाणीवर इलेक्ट्रिशियन होता. डोंगराएवढी यंत्रं, त्यांच्या मोटारी, केबली, पंप हे सगळं त्याच्या हाताखालून जायचं. खाण बंद झाली तेव्हा सगळ्यांचंच काम गेलं, त्याचंही गेलं. काही काळ सगळे आज उघडेल, उद्या उघडेल म्हणत थांबले. मग त्याने बसचं काम धरलं. हत्यारांची हिरवी पिशवी माडीवर नेऊन ठेवली आणि त्यानंतर खाली आणली नाही. शेजाऱ्यांनी पंखा दुरुस्त करायला बोलावलं तरी जायचा नाही. "आता सोडलंय ते काम," एवढंच म्हणायचा. घरातला बल्ब गेला तर मीच बदलायचे. मी त्याला त्याबद्दल कधी विचारलं नाही. माणसाचं काही दुखत असेल तर तिथे बोट लावून बघू नये, असं मला वाटायचं.

पुढच्या आठवड्यात सासूबाई पुन्हा म्हणाल्या, "पायांक मुंग्यो येतत, त्यो वेगळ्यो. ह्यां वेगळां. आणि ह्यां फक्त सकाळीच होता. दुपारी नळ गप आसता."

या वेळी मात्र मी थांबले. साखरेला सकाळ-दुपार कळत असेल, पण ती एका नळाला धरून येईल हे काही मला पटेना. त्यांच्यासाठीच आम्ही न्हाणीत गिझर बसवला होता, म्हणजे पहाटे चुलीशी वाकून पाणी तापवायला नको. तो फक्त सकाळी चालायचा.

"दाखवा मला," मी म्हटलं.

त्यांनी माझा हात धरून मला न्हाणीत नेलं. गिझर चालू होता. मी नळाला हात लावला. काहीच झालं नाही. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. "ती चपला काढ."

मी घरात रबरी चपला घालते. फरशी गार लागते म्हणून लागलेली सवय. सासूबाई जन्मात कधी घरात चपला घालून वावरल्या नाहीत, त्यांच्या मते घर म्हणजे देवळासारखंच. मी चपला काढल्या, ओल्या दगडावर त्यांच्या शेजारी उभी राहिले आणि बोटाच्या मागच्या बाजूने नळाला स्पर्श केला. बारीक, तीक्ष्ण असं काहीतरी मनगटापर्यंत आलं. मी हात झटकला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर 'बघ, मी सांगत होते' असं काही नव्हतं. उलट त्याच घाबरल्या. माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन चोळायला लागल्या. "लागला काय गो तुका?"

मी गिझर बंद केला आणि त्यांना सांगितलं, आजपासून तो लावायचा नाही, नळालाही हात लावायचा नाही. त्या दिवशी मुलांना पाढे म्हणायला लावले आणि माझं सगळं लक्ष घरी होतं.

संध्याकाळी नवरा आला. चहा देताना त्याला सांगितलं.

"साखरेमुळे होतं तिला तसं," तो म्हणाला.

"माझी साखर बरोबर आहे," मी म्हटलं. "आणि आज नळ मलाही चावला."

त्याने कप खाली ठेवला. तडक माडीवर गेला. वर काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. खाली आला तेव्हा हातात ती हिरवी पिशवी होती. वर धूळ इतकी की तिचा रंग ओळखू येत नव्हता. त्याने ती अंगणात नेऊन झटकली, आतून टेस्टर काढला, गिझर सुरू केला आणि टेस्टरचं टोक नळाला लावलं. आतला बारीक दिवा लालसर पेटला. मग फ्रीजच्या अंगाला लावलं. तिथेही पेटला. तो जाऊन मेन स्विच बंद करून आला आणि सासूबाईंच्या पायाशी जमिनीवर बसला.

"आये, कधीपासून होतां असां?"

"झाले दिवस."

"माका कित्याक नाय सांगलंस?"

"सांगूचा कित्याक? तुजा त्या कामावरसून मन उडाला. म्हणान हिका सांगलंय."

तो त्यांच्या पायांवर हात ठेवून बसून राहिला. दाराबाहेर अजून उजेड होता. त्या उजेडात मला त्याचे केस किती पांढरे झालेत ते दिसलं. रोज बघत होते, पण तेव्हा दिसलं.

घराच्या मागे जाऊन त्याने अर्थिंगची तार शोधून काढली. मीटरच्या फळीपासून एक जाड तार भिंतीवरून खाली आलेली होती. पूर्वी ती पाण्याच्या लोखंडी पाइपाला पट्टीने आवळलेली होती. पाइप जमिनीत पुरलेला, त्यामुळे घरातली गळकी वीज त्याच वाटेने जमिनीत उतरायची. मागच्या उन्हाळ्यात आम्ही गंजलेला पाइप काढून प्लास्टिकचा टाकला होता. पट्टी तारेसकट तशीच लोंबत राहिली होती. तिच्यावर कोळ्याने जाळं विणलं होतं. गिझरची कॉइल आतून फुटलेली, तिच्यातून वीज गिझरच्या टाकीत उतरत होती, आणि तिला जमिनीत जायला वाटच उरली नव्हती. भिंतीतले पाइप मात्र अजून लोखंडी होते, त्यांतून ती नळांपर्यंत येत होती, आणि अर्थिंगच्या तारेतून फ्रीजच्या अंगापर्यंत.

"मग ती आईंच्या अंगातून वाट काढत होती," मी म्हटलं.

"हो," तो म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "हो."

गिझर उतरवला गेला. सासूबाईंसाठी पुन्हा मागच्या चुलीवर आंघोळीचं पाणी तापवायचं तांब्याचं भाण चढलं. त्यांना त्याचं काही वाटलं नाही, पण त्याला वाटत होतं. रविवार येईपर्यंत तो बसची फेरी संपवून आला की घराभोवती फिरायचा. कुठे पायाने माती दाबून बघ, कुठे पहारीचं टोक आपटून बघ. मी विचारलं, "अर्थिंगचा रॉडच तर ठोकायचा ना? मीटरच्या खालीच ठोका की. तार पण कमी लागेल."

"सगळे तसंच करतात," तो म्हणाला. मग मला हाताला धरून भिंतीजवळ नेलं आणि पायाने ती माती उकरून दाखवली. खाली नुसते चिऱ्यांचे तुकडे, चुना, बांधकामाचा गाळ. वर पुढे आलेला पत्रा, म्हणजे उन्हाळा-पावसाळा कोरडीच. "पायाजवळची जमीन ही खरी जमीन नव्हेच. भिंतीपासून निदान पाच फूट लांब जायला हवं. शिवाय वीज उतरते तेव्हा रॉडच्या भोवतीची माती पण त्या नळासारखी चावू शकते असं समज. तिथे आपलं जाणं-येणं नको, गुराचं नको, विहिरीवर पाणी ओढणारं माणूस नको."

कित्येक वर्षांनी तो मला असं काही सांगत होता. लग्न झालं तेव्हा सांगायचा. मी माहेरच्या पेडण्याहून सर्वणला आले, तेव्हा संध्याकाळी खाणीवरून आला की कुठली मोटार कशी जळाली, कुठली केबल कशी शोधली हे जेवताना सांगत बसायचा. मला अर्धं कळायचं नाही. पण त्याचे हात ताटावर कसे फिरायचे ते बघायला आवडायचं.

रविवारी सकाळी पाववाल्या पोदेराने पाव टाकला, चहा झाला आणि तो कामाला लागला. सासूबाईंनी मागच्या दारी खुर्ची मांडून घेतली, त्यांच्या भाषेत कादेर. "खणूच्या आदी नारळ ठेव," त्या म्हणाल्या. त्याने जागेच्या राखणदाराला नारळ ठेवला, हात जोडले. मग टेपने भिंतीपासून अंतर मोजलं आणि समोरच, मीटरपासून जवळ पडेल अशी जागा धरली.

गुडघाभर खणलं आणि पहार खणकन वाजली. जांभा. त्याने दोन हात बाजूला सरकून पाहिलं, तिथेही तेच. आमच्या भागात वरची माती म्हणजे अंगावरचं पांघरूण, खाली सगळा दगड.

सासूबाई कादेरवरून म्हणाल्या, "आंब्याकडे बघ. थय माती मऊ असा."

तो आंब्याकडे गेला. माती खरंच मऊ होती, पण पाऊण हातावर मुळं लागली, आणि मुळं टाळून गेलं की पुन्हा दगड. शिवाय पालापाचोळ्याखालची ती माती बोटांत चोळली की भुकटी व्हायची. "पावसात सगळीच जमीन चांगली," तो घाम पुसत म्हणाला. "मे महिन्यात ओली राहील ती खरी."

आम्ही तिघं चहाला बसलो. सासूबाई बशीत चहा ओतून फुंकत होत्या. खूप वेळ फुंकत होत्या. मग बशी खाली ठेवली.

"अळवात बघ," त्या म्हणाल्या.

न्हाणीचं पाणी मागे जिथे जातं तिथे त्यांचं अळू आहे. घरापासून बरंच दूर, केळीच्या पुढे, कुंपणाकडे. बारा महिने हिरवंगार, पानं सुपाएवढी. ते अळू त्यांनी मोरजीहून आणलं होतं. मोरजी त्यांचं माहेर. लग्नानंतर पहिल्या माहेरपणाहून परत येताना त्यांच्या आईने ओल्या फडक्यात अळवाचे चार कांदे, म्हणजे गड्डे, बांधून दिले होते. समुद्राकाठची पोर डोंगराकडे दिली, निदान घरची भाजी तरी तिच्या बरोबर असू दे, म्हणून. त्या माउलीला जाऊन कितीतरी वर्षं झाली. अळू आहे. सासूबाई त्यातलं पान कुणाला दिलं तरी कांदा देत नाहीत.

नवरा म्हणाला, "आये, थय नको."

"कित्याक नको? माती मऊ असा, ओली असा. तूच म्हणतस मे म्हयन्यात ओली होयी."

"तुका सकाळधरना ठावक होतां?"

"ठावक होतां," त्या म्हणाल्या आणि थोडं हसल्या. "म्हटलां, आंब्याकडे जाता काय बघूया."

आम्हीही हसलो. मग त्या उठल्या, खुरपं मागून घेतलं आणि वाफ्याच्या कडेला जाऊन बसल्या. पहिला कांदा त्यांनी स्वतः काढला. बोटांनी भोवतीची माती सैल केली, मुळं न तोडता उचलला आणि माझ्या हातातल्या घमेल्यात ठेवला. दुसरा मी काढला. मध्ये त्यांनी विचारलं, "रे, वीज जमनीत गेल्यार खय जाता?"

"पसरता आणि संपता."

"आणि गांडुळांचा काय होतला?"

नवरा हसला नाही. खणायचं थांबवून त्याने सांगितलं की रोज काही तिथून वीज वाहत नाही, घरात काही बिघडलं तरच क्षणभर जाते, आणि आता तो फळीवर असा एक स्विच बसवणार आहे की थोडी जरी गळती झाली तरी डोळ्याचं पातं लवायच्या आत घरची वीज तुटेल. नुसत्या रॉडवर तो भरवसा ठेवणार नव्हता. "गांडुळांक काय जावचा नाय," तो म्हणाला.

त्यांचं समाधान झालं. "मग ठोक."

खड्डा कमरेपर्यंत गेला तरी दगड लागला नाही. काळसर, थंड, चिकट माती. त्याने तांब्याचा मुलामा दिलेला लांब रॉड उभा केला. तो माझ्यापेक्षा, त्याच्यापेक्षाही उंच. मी आणि सासूबाईंनी तो सरळ धरला, आणि त्याने स्टुलावर चढून घणाने ठोकायला सुरुवात केली. पहिल्या काही घावांनंतर आम्ही बाजूला झालो. रॉड आपला आपण उभा होता आणि दर घावाला थोडा थोडा खाली जात होता. सासूबाई बघत होत्या, तशाच बघत होत्या. "कसो जाता बघ," त्या हळूच म्हणाल्या.

दुसरा रॉड त्याने पाण्याच्या वाटेनेच पुढे, पहिल्याच्या लांबीहून जास्त अंतर सोडून ठोकला. मी विचारलं, शेजारी शेजारी का नाही. तो म्हणाला, "एका खाटेवर दोघं झोपली तर दोघांनाही जागा पुरत नाही. प्रत्येकाला आपली माती पाहिजे." दोन्ही पट्टीने जोडून तार घरापर्यंत आणली, भिंतीतल्या लोखंडी पाइपांनाही जोडली. खाणीवरच्या एका जुन्या सोबत्याकडून त्याने जमीन वीज किती सहज घेते ते मोजायचं यंत्र आणलं होतं. जमिनीत खुंट्या मारून, वायरी लावून त्याने मोजलं. काटा बघितला, यंत्र बंद केलं, पुन्हा चालू करून परत बघितला.

"बरां आसा?" सासूबाईंनी विचारलं.

"बरां आसा, आये. खाणीवर पण इतकां बरां नसायचां."

ते खरं होतं की त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणाला, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही.

अळवाचे कांदे आम्ही पाण्याच्या वाटेवरच, रॉडपासून बाजूला, पुन्हा लावले. काही दिवस पानं मान टाकून होती. मग मधून एक गुंडाळलेलं नवं पान वर आलं. मी शाळेतून आल्या आल्या सासूबाईंनी ते दाखवायला मला मागे नेलं.

गिझरमध्ये नवी कॉइल बसली, फळीवर नवा स्विच आला. गिझर पुन्हा लावला त्या सकाळी नवरा आधी न्हाणीत गेला. चपला बाहेर काढल्या, दगडावर पाणी ओतलं आणि सगळ्या नळांना एकामागून एक हात लावला. मग दारात उभा राहून म्हणाला, "ये आये."

त्यांनी आधी बोट लावलं. मग पूर्ण तळवा. मग नळ सोडला आणि गरम पाण्याखाली दोन्ही हात धरून उभ्या राहिल्या. बाल्दी भरली, पाणी वाहून जायला लागलं, तरी आम्ही कोणी नळ बंद करा म्हटलं नाही.

पायांच्या मुंग्या आहेतच. त्या साखरेच्या, आणि त्यांचं औषध चालू आहे. मी झोपण्याआधी त्यांच्या तळव्यांना तेल लावते तेव्हा विचारते, "आज कसं आहे?" आणि त्या नीट, सविस्तर सांगतात. मीही नीट ऐकते.

नवऱ्याची पिशवी माडीवर परत गेली नाही. वाड्यावरच्या, आमच्याच वस्तीतल्या एका बाईंचं कपडे धुण्याचं यंत्र झटके देत होतं, त्यासाठी त्यांनी बोलावलं. मला वाटलं, नाही म्हणेल. तो पिशवी खांद्याला लावून गेला. मग दुसरीकडे, मग तिसरीकडे. बसच्या फेऱ्यांमधल्या दुपारी तो आता लोकांच्या घरांभोवती फिरत, पायाने माती दाबून बघत असतो. संध्याकाळी जेवताना सांगतो, कुठे दगड लागला, कुठे संडासाच्या टाकीजवळ रॉड ठोकून ठेवलेला होता, कुठे नुसती तार मातीत खुपसून वर फुलझाड लावलं होतं.

गेल्या महिन्यात मोरजीहून सासूबाईंच्या भावाचा फोन आला. पाहुण्यांसाठी त्यांनी दोन खोल्या बांधल्यात, वायरिंगचं बघायला भाच्याने यावं म्हणून. गाडी मागून घेऊन आम्ही तिघंही गेलो. तिथे सगळी रेती, वरून भाजलेली, आत हात घातला तरी कोरडी. नवरा बराच वेळ टाचांवर बसून राहिला. शेवटी विहिरीपासून लांब, माडांच्या आळ्यांच्या पलीकडे एक सखल जागा त्याला सापडली. सासूबाई आपल्या भावजयीला समजावून सांगत होत्या की भिंतीला लागून नको, दोन रॉड एका खाटेवर झोपवायचे नाहीत. भावजय मान डोलवत होती. मला वाटतं तिला त्यातलं काही कळत नव्हतं, पण नणंदेचा आवाज किती दिवसांनी घरात ऐकू येतोय, हे तिला कळत होतं.

परतताना ऊन उतरलं होतं. सासूबाई मागच्या सीटवर माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपल्या. हातात माहेरच्या माडाचे दोन नारळ, ते झोपेतही सोडले नव्हते. नवऱ्याने आरशातून पाहिलं आणि म्हापशाच्या मोठ्या रस्त्याला वळण्याऐवजी आतला, कमी वाहनांचा रस्ता घेतला. तो लांबून जातो. आम्हाला कोणालाच घाई नव्हती.